जुन्या लुगड्याची पिशवी, साठवलेल्या काठाचा बटवा: वाचकांचे प्रश्न

जुन्या कापडाच्या पिशव्यांबद्दल प्रश्न पाठवा, असं म्हटल्यावर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रं आली. बहुतेकांचं दुखणं दोनांपैकी एक: कापड वजनाने फाटतं, नाहीतर पावसाळा ते खातो. म्हणून उत्तरांत त्या दोन गोष्टींनाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न (दापोली): आजीची दोन रेशमी लुगडी ट्रंकेत होती. एक घडीवर चिरतं. दुसऱ्याला मधे जोड आहे. यांच्या पिशव्या होतील का?

उत्तर: घडीवर चिरलं म्हणजे अख्खं लुगडं गेलं असं नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी मोडलेला धागा तिथे तुटतो. दोन घड्यांमधलं कापड पुष्कळदा शाबूत असतं. आधी पूर्ण लुगडं खिडकीच्या उजेडासमोर धरा आणि विरळ झालेल्या जागांभोवती खडूने खूण करा. मग दर वीतभर अंतरावर दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड हलकेच ताणा, एकदा उभ्या धाग्यात, एकदा आडव्या. काहीच झालं नाही तर कापड चांगलं. धागे सरकून जाळी दिसली तर पाठीला दुसरं कापड लावून वापरता येईल. चर्र आवाज आला तर तो भाग पिशवीला घेऊ नका, कितीही सुंदर असला तरी. अशा लुगड्याचे काठ मात्र सोडवून ठेवा. काठाची वीण दाट असते, त्यामुळे अंग विरलं तरी काठ टिकतात.

दुसऱ्या लुगड्यातला जोड म्हणजे दंड. बसून-बसून मधला भाग विरला की तो कापून काढत आणि उरलेली दोन टोकं जोडत. म्हणजे विरलेला भाग पूर्वीच गेलेला आहे, ही चांगलीच गोष्ट. दंडाची शिवण पिशवीच्या तोंडाशी किंवा तळाशी येऊ देऊ नका, तिथे ओढ बसते. ती पुढच्या बाजूला मधोमध दिसू द्या. हाताने घातलेला दंड असेल तर तो लपवण्यासारखा नाहीच.

जाळी पडणाऱ्या कापडाला पाठीशी मांजरपाट लागतो. मांजरपाट आधी रात्रभर पाण्यात भिजवा, धुवा, वाळवा. त्याची खळ निघते आणि जे आटायचं ते आधीच आटतं. कोरा मांजरपाट मीटरमागे इंच-दीड इंच सहज आटतो. लुगड्याचा तुकडा त्यावर सुलटा पसरा, मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा, कच्चे टाके घाला आणि मग दीड-दीड इंचावर गोधडीसारखा धावदोरा. सुई बारीक, टाका पाव इंचाचा. मशीनने करणार असाल तर ११ नंबरची सुई आणि ३ ते साडेतीन मिलिमीटरचा टाका. बारीक टाका मजबूत, हा समज जुन्या रेशमाला लागू नाही. जवळजवळच्या भोकांनी कापड पोस्टाच्या तिकिटासारखं रेघेवर फाटतं.

एक आग्रहाची विनंती. हातमागाची पैठणी असेल, म्हणजे पदराची उलटी बाजू सुलट्यासारखीच स्वच्छ दिसत असेल आणि अंग शाबूत असेल, तर कात्री लावू नका. एखाद-दुसरं भोक रफूने भरून निघतं. कापलेली पैठणी पुन्हा साडी होत नाही.

प्रश्न (मालवण): इरकलीवर काळे-करडे ठिपके पडलेत आणि कुबट वास येतो. शिवण्याआधी काय करू?

उत्तर: ही बुरशी आहे. ओला हात लावण्याआधी ती कोरडीच झटकली पाहिजे, नाहीतर धाग्यात मुरते. साडी अंगणात न्या, नाकाला फडकं बांधा आणि मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा. मग दोन-तीन दिवस वाऱ्यावर, सावलीत टांगा. वास बराचसा इथेच जातो. धुपाचा धूर देऊन वास दबतो, बुरशी तशीच राहते.

धुण्याआधी रंग तपासा. पांढऱ्या सुती फडक्याचा ओला बोळा आतल्या टोकाला पाच मिनिटं दाबून ठेवा. प्रत्येक रंगाची तपासणी वेगळी करा, कारण इरकलीचं अंग पक्कं आणि काठाचा लाल कच्चा असं हमखास असतं. रंग उतरला तर धुवूच नका. मीठ किंवा व्हिनेगर घालून कच्चा रंग पक्का होतो यावर विसंबू नका. ती पिशवी फक्त वाऱ्यावर टाकायची, पाण्यात नाही, हे आधीच ठरवून शिवा.

रंग पक्का असेल तर सहा-सात रिठे फोडून, बिया काढून, दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी चोळून गाळा आणि ते पाणी अर्ध्या बादलीत मिसळा. दहा मिनिटं बुडवा, वर-खाली करा, घासू नका. तीन पाण्यांतून काढा, पिळू नका. जुन्या पंचात गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. रेशमाला क्लोरीनचं ब्लीच कधीही लावू नका, त्याने रेशीम विरघळतं. सुतावर उरलेले काळे ठिपके पूर्ण जातील अशी आशा धरू नका. तुकडा बेतताना ते टाळा किंवा त्यावर काठ बसवा.

हे सगळं पावसाआधी, मार्च ते मे, किंवा ऑक्टोबरच्या उन्हात उरका. ऐन पावसात धुतलेलं कापड नीट वाळतच नाही, आणि दमट कापडावर अस्तर शिवलं की आत पुन्हा बुरशी धरते.

प्रश्न (चिपळूण): साडीच्या पिशवीचे बंद दोनदा उखडले. दोन्ही वेळा शिवण शाबूत आणि कापडच फाटलेलं. चुकतं कुठे? मोठ्या पिशवीची मापंही द्या.

उत्तर: चूक तुम्हीच लिहिली आहे: बंद साडीच्या कापडाला शिवलेले होते. जुनं कापड दर्शनी बाजूला असावं, पण वजन त्याच्यावर पडू नये. वजन आतल्या नव्या कापडाने घ्यायचं.

तयार पिशवी १४ इंच रुंद, १४ इंच उंच, तळ ४ इंच धरू. साडीचे दोन तुकडे, १९ रुंद बाय १७ उंच. रुंदीत १४, तळाचे ४ आणि दोन्ही शिवणींचा मिळून १ इंच. उंचीत १४, अर्ध्या तळाचे २ आणि वर-खाली अर्धा-अर्धा. पाठीसाठी त्याच मापाचे दोन तुकडे दोसुतीचे किंवा जाड मांजरपाटाचे. ३६ इंच पन्ह्याचा असेल तर १७ इंच पन्ह्यात आडवे बेता, म्हणजे दोन्ही तुकडे शेजारी बसतात आणि आटणं धरून पाऊण मीटर पुरतो. १९ इंच आडवे घातले तर ३८ होतात आणि पन्हा कमी पडतो. अस्तराला पॉपलीन, पण रुंदीला पाव इंच कमी. तेवढंच मोठं कापलेलं अस्तर आत गोळा होतं. बंदांसाठी दीड इंची नवार दीड मीटर. २८ इंचाचे दोन तुकडे करा. नवारीवर २ इंची काठ, कडा पाव-पाव इंच आत दुमडून, दोन्ही बाजूंनी टीप मारून बसवा.

साडी आणि पाठीचं कापड आधी एकत्र टीपून घ्या. बंद अस्तर लावण्याआधी बसवायचे, कारण नंतर हात आत पोचत नाही. तुकड्याच्या मधल्या रेघेपासून दोन्हीकडे अडीच इंच मोजा; बंदाची आतली कड तिथे. बंदाचं टोक अर्धा इंच दुमडून कापडाच्या वरच्या कडेपासून ३ इंच खाली आणा. मागच्या बाजूने ३ बाय ४ इंचाची दोसुतीची ठिगळी ठेवा. आता चौकोन आणि आत फुली, अशी टीप दोनदा फिरवा; पण वरचा १ इंच मोकळा सोडा, नाहीतर तोंड शिवताना बंद मधे येतात. सुई १६ नंबर, दोरा पॉलिएस्टर. आपल्याकडच्या दमट हवेत सुती दोरा आतून कुजतो आणि एक दिवस अचानक सुटतो, म्हणून वजनाच्या शिवणीला तो नको.

बाजू आणि तळ अर्धा इंच आत शिवा. कोपरा असा दाबा की बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर येऊन बसेल. टोकापासून शिवणीवर २ इंच मोजून आडवी रेघ मारा; ती ४ इंच भरली पाहिजे. भरत नसेल तर शिवणी एकमेकींवर बसलेल्या नाहीत, सारून घ्या. रेघेवर दोनदा टीप. अस्तर तसंच शिवा, तळाला ५ इंच मोकळं ठेवून. उलट्या अस्तरात सुलटी पिशवी घाला, बंद खाली दाबून तोंड गोल शिवा, मोकळ्या जागेतून पिशवी बाहेर काढा आणि ती जागा बंद करा. शेवटी तोंडाशी पाव इंचावर एक टीप बंदांसकट फिरवा.

तळाला पुठ्ठा घालू नका. पहिल्याच पावसात तो मऊ पडतो आणि त्याची खळ कसरीला बोलावते. प्लॅस्टिकचा लवचीक पत्रा, स्वयंपाकघरातल्या चिरायच्या पातळ शीटमधून कापलेलासुद्धा चालतो. कोपरे गोल करा, नाहीतर अस्तर टोचून फाटेल.

अशी पिशवी चार नारळ, किलोभर कांदे आणि वर पालेभाजी आरामात पेलते. मासळीबाजाराला मात्र वेगळी, रोज धुता येईल अशी ठेवा.

प्रश्न (वेंगुर्ले): काठावर फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवताना जर इस्त्रीला चिकटून वितळली. खरी जर कशी ओळखायची? आणि फ्युजिंगला फुगे का येतात?

उत्तर: काठाच्या टोकाचा जरीचा एकच धागा काढून चिमट्यात धरा आणि काडेपेटीची ज्योत दाखवा. आकसून काळा मणी झाला तर जर प्लॅस्टिकची. आतलं सूत जळून बारीक तार राहिली तर धातूची. धातूची असेल तर ती नखाने खरवडून पाहा. तांबूस झाक आली तर तांब्याच्या तारेची, पांढरी आली तर चांदीची असण्याचा संभव मोठा. तशी असेल तर कापण्याआधी ओळखीच्या सराफाला दाखवा. चांदीच्या जरीला वजनावर पैसे मिळतात, आणि ती विकायची की पिशवीला लावायची हे ठाऊक असूनच ठरवावं.

काळवंडलेल्या खऱ्या जरीला चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पूड लावू नका. वरचा सोन्याचा थर फार पातळ असतो आणि तोच आधी निघतो. काळपटपणासकट ती चांगली दिसते, हे आमचं ठाम मत.

इस्त्री कोणत्याही जरीवर उलट्या बाजूने, मधे सुती कापड घालून आणि रेशमाच्या तापमानावर. फुगे येतात ते बहुधा जरीमुळे: जरीचा भाग उंचसखल असतो, गोंद सगळीकडे टेकत नाही, आणि जिथे टेकतो तिथूनही दमट हवेत हळूहळू सुटतो. काठाला फ्युजिंग नकोच. शिवून बसवलेला मांजरपाट कायमचा. जरीचा काठ पिशवीच्या तळाला किंवा कोपऱ्यावर घेऊ नका. घासून तारा तुटतात आणि हाताला टोचतात.

प्रश्न (गुहागर): आईने डब्यात साठवलेली बटणं, हूक, क्रोशाच्या लेसा, चेन, इलॅस्टिक असं बरंच आहे. काय वापरावं? गंजाचे डागही पडलेत.

उत्तर: इलॅस्टिक टाकून द्या. रबर मेलेलं असतं, ताणून पाहिलं की आत कुरकुरतं. लोखंडी हूक आणि लोखंडी टिचबटणंही नकोत. खाऱ्या हवेत वर्षभरात गंजून कापडाला भोक पाडतात. लोहचुंबक फिरवा. जे चिकटेल ते बाजूला, पितळी राहील ते ठेवा.

चेन नायलॉनची असेल तर उत्तम. पितळी चेनीवर हिरवट थर आला असेल तर कोरड्या ब्रशने झाडून दातांवर मेणबत्ती घासा, रनर पुन्हा सरकतो. उघडझाप करूनही मागे दात सुटत असतील तर दोष बहुधा रनरमध्ये असतो. त्याचं तोंड झिजून फाकलेलं असतं. बारीक पकडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा अगदी किंचित दाबा. जास्त दाबलात तर तो अडकून बसेल.

शिंपल्याची बटणं लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये टाकू नका. शिंपला आम्लात झिजतो आणि चमक जाते. कोमट साबणाचं पाणी पुरे. क्रोशाची लेस शिवण्याआधी भिजवून, पाटावर टाचण्यांनी मूळ आकारात ताणून वाळवा. न भिजवता लावली तर पहिल्या धुण्यात आटते आणि पिशवीचं तोंड चुण्या पडल्यासारखं होतं.

पांढऱ्या सुती लेसेवरच्या गंजाला परसातलं बिंबल, म्हणजे बिलिंबीचं आंबट फळ, कामाला येतं. फळ कापून डागावर चोळा, दहा मिनिटं थांबा, भरपूर पाण्याने धुवा, मग साबण लावा. त्यातल्या आम्लाने गंज सुटतो. रंगीत कापडावर आणि रेशमावर हा उपाय करू नका, डागाबरोबर रंगही जाईल.

बटण कमी पडलं तर करवंटीचं करा. सुकलेल्या करवंटीचा सपाटसा तुकडा इंचभर गोल कापा, आधी खरखरीत आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासा, २ मिलिमीटरची दोन भोकं पाडा, खोबरेल चोळा. भोकं कडेपासून पाव इंच आत हवीत, नाहीतर करवंटी रेषेवर फुटते.

प्रश्न (रत्नागिरी): जाड शिवणीवर मशीन टाके सोडतं.

उत्तर: आधी सुई बदला. बोथट किंवा बारीक सुई चार-पाच थरांत वाकते आणि खालचा दोरा पकडत नाही. नवी १६ नंबरची घालूनही सुटत असेल तर मशीनचा कापड दाबणारा पाय उंचवट्यावर तिरका होतोय. त्याच जाडीची कापडाची घडी पायाच्या मागे सरकवा म्हणजे पाय सपाट राहील, आणि त्या दोन इंचांत चाक हाताने फिरवा. शिवणीतलं जादा कापड पायरी-पायरीने कमी-जास्त कापलं तर उंचवटा मुळातच कमी होतो.

प्रश्न (श्रीवर्धन): गौरीच्या हळदीकुंकवाला खणाचे २१ बटवे द्यायचे आहेत. खण, अस्तर, नाडी किती लागेल? काठ तोंडाशी दिसला पाहिजे.

उत्तर: खणाला दोन्ही कडांना काठ असतो, त्याचाच उपयोग करा. पन्हा साधारण ३० इंच धरू. तुमचा मोजून घ्या. ७ इंचाची आडवी पट्टी कापा. तिच्या दोन्ही टोकांकडून ९-९ इंच घेतले की एका बटव्याची पुढची आणि मागची बाजू काठासकट मिळते. मधे १२ बाय ७ चा तुकडा उरतो, तो दुमडून सुट्ट्या पैशांची छोटी पिशवी होते. २१ बटव्यांना १४७ इंच, म्हणजे ३.७३ मीटर. ४ मीटर घ्या. जुने चोळीचे खण जमवून करणार असाल तर प्रत्येकाची लांबी ७ ने भागून हिशेब करा.

अस्तराचे ४२ तुकडे, ७ बाय सव्वाआठ इंच. ३६ इंची पॉपलीन २ मीटर पुरते. तोंडाला काठाची मूळ कड तशीच राहू द्या, ती उसवत नाही. अस्तराची वरची कड अर्धा इंच दुमडून तोंडापासून सव्वा इंच खाली टाचा. सुलट्या बाजूने, तोंडापासून दीड इंच खाली, नाडीसाठी पाऊण इंची तयार पट्टी लावा. तिची लांबी साडेसहा इंच कापून दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच दुमडा, म्हणजे बाजूच्या शिवणीत ती अडकत नाही. पट्टीच्या वरच्या टिपेत अस्तरही धरलं जातं. दोन्ही बाजू अशा तयार झाल्या की सुलट्याला सुलटं ठेवून तीन बाजू अर्धा इंच आत शिवा आणि कडांना उरेब पट्टीची गोट लावा. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली. सरळ पट्टी कोपऱ्यावर चुण्या घेते. तयार बटवा ६ बाय साडेआठ होतो.

नाड्या प्रत्येकी दोन, १८ इंचाच्या, एक डावीकडून घालून तिकडेच बांधायची, दुसरी उजवीकडून. एकच नाडी घातली तर तोंड एका बाजूला ओढलं जातं. एकूण २० मीटर. ओटीतला नारळ यात मावणार नाही. सुपारी, खारीक, बदाम आणि नाणं यांच्यापुरताच हा बटवा आहे.

प्रश्न (सावंतवाडी): तयार पिशव्या आणि उरलेले काठ पावसाळ्यात कसे ठेवू?

उत्तर: प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. धुतलेल्या मांजरपाटाच्या खोळीत, कडुनिंबाच्या पूर्ण वाळलेल्या पाल्याची पुरचुंडी घालून. कापडाला खळ राहू देऊ नका, कसर तिच्यासाठीच येते. डांबरगोळी वापरायचीच असेल तर जरीला टेकू देऊ नका. काठ घडी न घालता रिकाम्या नळीवर मऊ सुती कापड गुंडाळून त्यावर गुंडाळा, जर बाहेरच्या अंगाला. कपाटात बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, आणि पावसाने दोन दिवस उघडीप दिली की सगळं काढून पंख्याखाली पसरा.